थंड हवेचं ठिकाण, नौपाडा

कोल्ड्रिंकच्या दुकानात काचेच्या दाराचा तो उंच फ्रीज दिसला की मी आजही आधी आत वाकून बघते. बाटल्या नाही बघत, पानं शोधते. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाइकाचं काही ठरत नाहीये. तो दोन-तीन नावं सुचवतो आणि मी ओशाळून पाण्याची बाटली घेऊन निघते. ही खोड मला आमच्या घरमालकीणबाईंनी लावली.

घरमालकीण हा आपला कागदोपत्री शब्द. निम्म्या नौपाड्याला त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे उरलेला निम्मा नौपाडाही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, आवाज मात्र थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मी चिपळूणहून ठाण्यात नोकरीला आले, एका सीएच्या ऑफिसात, आणि त्यांच्या मागच्या खोलीसाठी विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला ना पगार विचारला, ना आडनाव. "चिपळूण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर?" एवढंच विचारलं. मला येत नव्हतं.

"स्वतःच्या गावाची उंची माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खोली मिळेल. पण हे शोधून काढ."

मग घर दाखवलं. ते दाखवणं म्हणजे सहल होती. स्वयंपाकघर म्हणजे कोकण, दमट आणि घामट, फक्त माशांशिवायचं. हॉल म्हणजे देश. गॅलरी हा घाटमाथा, कारण तिथं वारा लागायचा. न्हाणीघर चेरापुंजी. आणि माझी मागची खोली मराठवाडा, कारण तिथल्या नळाला पाणीच यायचं नाही. मला वाटलं गंमत करताहेत. पण त्या घरात हीच भाषा चालायची. "अहो, माझा चष्मा घाटमाथ्यावर राहिलाय", "चेरापुंजीतला दिवा कुणी चालू ठेवला?" असं दिवसभर चालायचं आणि त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचे, ते नेमके तिथं जाऊन चष्मा आणायचे, दिवा बंद करायचे.

देशाच्या ईशान्य कोपऱ्यात तो फ्रीज होता. एक रसवंतीवाला धंदा बंद करत होता, त्याच्याकडून घेतलेला. काचेवरचं जाहिरातीचं स्टिकर बाईंनी ब्लेडनं खरवडून काढलं होतं, पण लाल बाटलीचं बूड तेवढं चिकटून राहिलं होतं. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा आधी आशेनं त्याच्याकडे बघायचा. आत ना बाटल्या, ना भाजी. वर एक पांढरी ट्यूब, कोपऱ्यात गरगरणारा चिमुकला पंखा, तळाशी गोट्यांच्या ट्रेमध्ये पाणी, आणि आकड्याला टांगलेली एक टोपली. टोपलीत शेवाळाचा गोळा. त्यावर हिरवे, फुगीर, छोट्या अंजिराएवढे कांदे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन लांबट पानं.

"हिमालय," बाई म्हणाल्या.

"एवढंच?" माझ्या तोंडून गेलं.

"निकाल लागायच्या आधी कुणाला एवढंच म्हणू नये," बाई म्हणाल्या.

ते ऑर्किड होतं. आपल्याकडे हारातुऱ्यात दिसतं ते जांभळं नव्हे. हे दार्जिलिंगकडच्या डोंगरात, ढगात भिजलेल्या झाडांच्या फांद्यांवर राहणारं. हिवाळा सरता सरता त्याला पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस लोंबतात, असं बाई सांगायच्या. सांगायच्या म्हणजे, त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं. शिक्षिकेला सुट्टी मे महिन्यात. त्या दोघांची एकुलती एक मोठी सहल मे महिन्यात झाली आणि तेव्हा फुलं केव्हाच गळून गेलेली. तिथल्या एका रोपवाटिकेत म्हाताऱ्या मालकानं त्यांना तुकडा दिला आणि वर म्हणाला, न्या हौस म्हणून, पण तुमच्या गावी हे फुलायचं नाही, तिथलं हवामान वेगळं.

हवामान हा शब्द बाईंसमोर जपून वापरायचा असतो, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

"मी म्हटलं त्याला, हवामान मी शिकवते. घेऊन जाते बरोबर," बाई सांगायच्या आणि दर वेळी तितक्याच तावात यायच्या.

त्या तावामागे एक जुनी सल होती. ती त्यांनी मला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितली. फळ्यावर हिमालयाच्या उंचीप्रमाणे बदलणारी झाडं काढत असताना एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "बाई, तुम्ही हे बघितलंय का?" सगळा वर्ग हसला. बाईंना हो म्हणता आलं असतं. त्या नाही म्हणाल्या. "आयुष्यभर पुस्तकातला डोंगर शिकवला गं मी," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

मी म्हटलं, "मग आता निवृत्त झालात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन बघून या की."

"तिथं जाऊन बघणं म्हणजे कॉपी करणं," बाई ताडकन म्हणाल्या. "गणित इथं सोडवायचं."

आणि गणित रोज सुटत असायचं. सकाळी फ्रीजचा दिवा लागायचा, दिवसा हवा उबदार, संध्याकाळी बाई "चला, सूर्यास्त" असं जाहीर करून कळ फिरवायच्या की आत थंडी पडायला लागायची. सूर्यास्तानंतर फ्रीजवर जुनी चादर. काकांच्या टीव्हीचा उजेड हिमालयावर पडता कामा नये. थंडीच्या महिन्यांत तर आणखी कडक: पाणी जवळजवळ बंद. त्या डोंगरात हिवाळा कोरडा असतो आणि त्या कोरड्या उपासातूनच कळ्या धरतात, असं बाईंचं शास्त्र. कांद्यांना सुरकुत्या पडायच्या. कुणी हळहळलं की बाई म्हणायच्या, "सुरकुत्या पडल्या म्हणजे संपलं असं नाही. माझ्याकडे बघा."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "बाई, हे म्हणजे आमच्या आंब्यावरचं बांडगूळच ना?" झालं! बाईंनी त्यांना सोफ्यावर बसवून पूर्ण तास घेतला. बांडगूळ झाडाचं रक्त पितं. ही नुसती फांदीवर बसते. पाणी पावसाचं, जेवण स्वतःचं स्वतः. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्यासारखी. जागा आमची, डबा हिचा."

रोज सकाळी बाई दूध आणून दारातूनच विचारायच्या, "काही?" आणि देवघरातून काका म्हणायचे, "नाही." मी तिथं राहायला गेले त्याच्या आधीपासून हे चाललेलं होतं. काही? नाही. त्या दोन शब्दांनी त्या घरात दिवस उजाडायचा.

काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मऊ माणूस. बँकेतून निवृत्त झाले आणि देवात रमले. सकाळी तासभर पूजा. परडीत फुलं घेऊन बसायचे आणि रोज एकदा तरी फ्रीजकडे बघून म्हणायचे, "फुललं की पहिलं फूल देवाला हं."

"हात लावून बघा," बाई कोकणातून ओरडायच्या.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. मार्चअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. बाई-काकांना भाड्यानं जागा मिळाली ती डोंबिवलीत, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हात भाजणारी, विजेचा भरवसा नाही अशी. तिथं हिमालय जगणं शक्य नव्हतं. महाबळेश्वरला बाईंची एक जुनी विद्यार्थिनी राहायची, झाड तिच्याकडे पाठवायचं ठरलं. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. "म्हणजे हा शेवटचा हिवाळा," त्या म्हणाल्या. "तिकडे महाबळेश्वरला कुणीही फुलवेल. तिथं काय, थंडी फुकट आहे."

मला फार वाईट वाटलं. मला झाडातलं काही कळत नाही, पण एखादं माणूस एवढा जीव लावून एका गोष्टीची वाट बघतंय आणि ती वाटच आता मार्चअखेरीला बंद होणार, हे बघवेना. त्या दिवसापासून मीसुद्धा ऑफिसला निघताना काचेत डोकवायला लागले.

डिसेंबरातली एक सकाळ. बाई नकाशे बघायचं भिंग घेऊन टोपली तपासत होत्या. अचानक थांबल्या. शेवाळातून चिमटीत काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "दोघंही इकडे या. भिंतीला टेकून उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. बाईंच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा होता. कुंकवानं लाल झालेला. अक्षत.

"माझ्या हिमालयात भात पिकत नाही," बाई म्हणाल्या. "ज्यानं केलं त्यानं हात वर करावा."

काकांनी खरोखर हात वर केला.

ते काय झालं होतं, ते तुमच्या-माझ्या घरात रोज होतं. देवांना अंघोळ घातलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, झाडाला घालायचं असतं. काका ते तुळशीला घालायचे. पण थंडी सुरू झाली, ऑर्किडचं पाणी तुटलं, कांदे सुरकुतायला लागले की त्यांना राहवायचं नाही. बाई दूध आणायला खाली उतरल्या की ते ताम्हनातलं पाणी घेऊन फ्रीजकडे जायचे.

"तुळशीला रोज मिळतं गं," काका म्हणाले. "आणि ही बिचारी समोर काचेत उपाशी. मी चहा पितो आणि ती माझ्याकडे बघते. आणि नुसतं पाणी नाही घालायचो मी. मागणंसुद्धा मागायचो. म्हणायचो, देवा, हिला एकदा फुलू दे, आमच्या हिला बघू दे. आणि मग घालायचो."

मला रडावं की हसावं कळेना. तो माणूस दर हिवाळ्यात ज्या फुलासाठी देवाला साकडं घालत होता, त्याच फुलाची वाट त्याच पाण्यानं अडवत होता! आणि वर ते पाणी तांब्याच्या ताम्हनातलं, जे या मुळांना मुळीच सोसत नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यापासून."

बाई सोफ्यावर बसल्या. मी मनात म्हटलं, आता ज्वालामुखी. काकांनीही डोळे मिटून घेतले. आणि बाई टाळी वाजवून उठल्या! "म्हणजे माझं हवामान बरोबर होतं! ऐकलंस का गं? थंडी बरोबर, उजेड बरोबर, वारा बरोबर! हिमालय माझा चोख होता! पाऊस तेवढा यांचा होता!" त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू आत्ताच कुणीतरी पेपर पुन्हा तपासून त्यांना पैकीच्या पैकी दिले होते. काकांनी एक डोळा उघडून अंदाज घेतला.

"तुम्ही आता दुष्काळ अधिकारी," बाईंनी त्यांना नेमून टाकलं. "थेंब पडला तर जबाबदार तुम्ही."

आणि काय सांगू, काकांसारखा दुष्काळ अधिकारी कुठल्या जिल्ह्याला मिळाला नसेल! फ्रीजशेजारी खुर्ची टाकून बसायचे. आल्यागेल्याच्या हातात पाण्याचा पेला असला तर लांब बसवायचे. पण उशीर झाला असेल तर? डिसेंबर अर्धा ओल्यातच गेला होता. जानेवारीभर सकाळचं उत्तर तेच. काही? नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी मराठवाड्यात केस विंचरत होते आणि देवघरातली घंटा वाजायला लागली. आरतीची वेळ नाही, काही नाही, आणि घंटा थांबेचना. धावत बाहेर आले तर काका सोवळ्यात, फ्रीजसमोर उभे राहून घंटा वाजवताहेत. स्तोत्र अर्ध्यावर होतं, मध्ये बोलायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून ओठ स्तोत्र म्हणताहेत, डावा हात घंटा वाजवतोय आणि उजवा हात टोपलीकडे नाचतोय. कांद्यांच्या बुडाशी तपकिरी सालीत गुंडाळलेलं एक टोक बाहेर डोकावत होतं.

बाई जिना चढून आल्या. "काही?" विचारायचंही त्यांना सुचलं नाही. दुधाची पिशवी त्यांनी माझ्या हातात द्यायच्या ऐवजी चुकून खांद्यावर ठेवली, एवढं मला आठवतंय.

एका टोकाची चार टोकं झाली, खाली लोंबायला लागली, कळ्या फुगल्या. आणि मार्च उजाडता उजाडता भर सकाळी आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. संध्याकाळपर्यंत वीज येणार नाही असं कळलं. बाहेर ऊन कडकडीत. फ्रीजच्या आतली हवा तापायला लागली. एकदम उकाडा झाला तर कळ्या गळतात, हे बाईंकडून मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. मी ऑफिसात फोन करून सांगितलं, घरी कुणीतरी आजारी आहे. कोण ते सांगितलं नाही.

"बर्फ," बाई म्हणाल्या. काकांच्या हातात हातपंखा देऊन त्यांना फ्रीजसमोर बसवलं आणि आम्ही दोघी रिक्षा करून मच्छी मार्केटला गेलो. जन्मात तिथं पाऊल न टाकलेल्या बाई नाकाला पदर लावून थेट आत घुसल्या आणि बर्फाची अख्खी लादी मागितली.

कोळीणबाई सुरमई कापता कापता थांबली. बाईंकडे नीट बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आख्खी लादी कनाला गो बाय? घरान कोन गेला काय?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "फूल येणार आहे!"

कोळीणबाईनं माझ्याकडे असं बघितलं, की सांभाळ गो हिला, दुःखानं डोकं फिरलंय. लादीवर गोणपाट मात्र तिनं स्वतः नीट गुंडाळून दिलं.

इमारतीत पोचलो. गोणपाटातली लादी मी आणि वॉचमन जिन्यानं वर नेत होतो. मागे बाई, घामानं निथळलेल्या, डोळे लाल. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दारात आल्या. त्यांनी लादी बघितली, बाईंकडे बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "बाई... काय झालं?"

"आत्ता वेळ नाही, नंतर बोलू," बाई म्हणाल्या आणि चढत राहिल्या.

काका सकाळपासून खाली कुणालाच दिसले नव्हते. पुढचं सांगायलाच नको. आम्ही लादी फोडून फ्रीजच्या तळाशी, घमेल्यात, बादल्यांत रचतोय तोवर दारावर टकटक झाली. बाहेर अर्धी इमारत. पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून, बायका पदर डोक्यावर घेऊन, एकाच्या हातात चक्क हार. वहिनींनी तर रडायला सुरुवातही केली होती.

दार काकांनी उघडलं. हातात पंखा. "या, या," ते म्हणाले. "पण दार लवकर लावा, आतली हवा बिघडते."

वहिनी रडता रडता थांबल्या आणि जी किंचाळल्या! हारवाल्यानं हार पाठीमागे लपवला.  पण आमच्या बाई. समोर एवढा मोठा वर्ग आयता जमलेला बघून त्यांचा आवाज पुन्हा शेवटच्या बाकाला गेला. "आलाच आहात तर कामाला लागा! दोघं चादरी भिजवून आणा, चेरापुंजीतून. खिडक्यांना धरा. तू पंखा घे, हे दमलेत." आणि मयताला आलेली माणसं संध्याकाळपर्यंत पाळीपाळीनं एका झाडाला वारा घालत बसली. वहिनींनी सगळ्यांना चहा केला. तो हार काकांनी मागून घेतला आणि देवांना घातला.

वीज आली तेव्हा एकही कळी गळलेली नव्हती. असा जल्लोष झाला की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन बघायला लागले.

आता ती इमारत नाही. बाई-काका डोंबिवलीत आहेत, मी नोकरी बदलून वर्तकनगरला राहायला गेले आणि झाड महाबळेश्वरला मजेत आहे. डोंबिवलीच्या त्या घराचं स्वयंपाकघरसुद्धा आता कोकणच आहे, आणि पश्चिमेचा हॉल राजस्थान. मी गेले की बाई पहिला प्रश्न विचारतात तो अजून चिपळूणच्या उंचीचाच, कारण मी दर वेळी वेगळं उत्तर देते. पण त्यांची आठवण काढली की मला ती एकच सकाळ दिसते.

बर्फाच्या दिवसानंतर आठवडा झाला असेल. बाई दूध घेऊन आल्या. दारातून म्हणाल्या, "काही?" आतून उत्तर आलं नाही. काका फ्रीजसमोर उभे होते, नुसते.

पहिलं फूल उमललं होतं. इतकं पांढरं, की त्याच्या शेजारी काकांचं धुतलेलं धोतर मळकं दिसत होतं. पाकळ्यांच्या कडा जराशा चुण्या पडल्यासारख्या आणि आत गळ्याशी हळदीची बोटं ओढावीत तसा पिवळा रंग. मी ओरडले. खरंच ओरडले, मला आवरेना.  बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. 

"ती मुलगी आज पाहिजे होती," अखेर त्या म्हणाल्या. "आता विचार म्हणावं. बाई, तुम्ही हे बघितलंय का?"

काका हळूच आत गेले. मला वाटलं परडी आणायला गेले. आता पहिलं फूल देवाला, आणि आता भांडण. बाईंनाही तेच वाटलं असावं, त्या काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या.

काका आले ते परडी घेऊन नाही. त्यांच्या हातात ताम्हन होतं आणि त्यात देवघरातले सगळे देव दाटीवाटीनं बसलेले. अन्नपूर्णा, गणपती, पिंड, आणि पुढे बाळकृष्ण, लोकरीची चिमुकली टोपी घातलेला. थंडीत घालायची ती टोपी त्यांनी मार्चमध्ये पुन्हा शोधून काढली होती.

"फूल तोडायचं नाही ना," काका म्हणाले. "म्हणून देवच घेऊन आलो. दार उघडतेस का जरा? यांना गार लागेल म्हणून टोपी घातलीय."

बाई काचेसमोरून बाजूला झाल्या. मग त्यांनी हिमालयाचं दार उघडलं, स्वतःच्या हातानं एकेक देव उचलून टोपलीखाली नीट मांडले, आणि डोळे पुसायचे सोडून हसायला लागल्या.

"फुलली की थोडं पाणी चालतं हिला," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवांचंच घाला. एक पळी. पण तांब्याचं नको हं, आज अंघोळ स्टीलच्या वाटीत."

काका वाटी आणायला कोकणात धावले.